अडलेली पायरी : बारावी गणित, अकोले गटाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

गट ठरला. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा, वाचनालयाच्या अभ्यासिकेतलं मागचं लांब टेबल. ग्रंथपाल काकांची एकच अट आहे, आवाज पुढच्या खोलीत जाता कामा नये. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात.

सगळे बारावी सायन्सचे, पण सगळे एका कॉलेजचे नाहीत. निम्मे अकोले गावातले, दोघी राजूरच्या, एक जण कोतूळचा, एक समशेरपूरचा. काहींनी क्लास लावलाय, काहींनी नाही. वर्गात सर शिकवतात ते कळतं. घरी गणित घेऊन बसलं की तिसऱ्या-चौथ्या ओळीला अडतं, आणि राजूरला रात्री आठ वाजता विचारायचं कुणाला? मोबाइलवर फोटो टाकला तर कुणीतरी सोडवलेल्या पानाचा फोटो परत पाठवतं. ते पान उतरवून घेतलं की शंका मिटल्यासारखी वाटते, आणि चाचणीत नेमकी तीच ओळ पुन्हा आडवी येते.

म्हणून एक जाड वही केली. प्रत्येक शंकेसाठी तीन गोष्टी लिहायच्या : गणित कोणतं, कोणत्या ओळीपर्यंत स्वतः आलो, आणि नंतर काय कळल्यावर पुढे गेलो. वहीत कुणाचं नाव लिहायचं नाही, गाव लिहिलं तर चालेल. हे राजूरच्या एकीने सुचवलं. तिचं म्हणणं, नाव आलं की सोप्या शंका कुणी लिहिणारच नाही.

दुसरा नियम कोतूळच्या मित्राचा : पेन अडलेल्याच्याच हातात राहील. सांगणाऱ्याने विचारावं, बोट दाखवावं, पुस्तक उघडून द्यावं, पण दुसऱ्याच्या वहीत लिहू नये.

१३ ऑक्टोबर

काल दसरा होता, तरी बहुतेक सगळे आले.

पहिली शंका रेषांच्या जोडीवरची, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स. एक्स² − ४एक्सवाय + वाय² = ० या समीकरणाने दाखवलेल्या दोन रेषांमधला कोन काढायचा. समशेरपूरच्या मित्राचं उत्तर टॅन थीटा बरोबर √१५ असं येत होतं. सूत्र तोंडपाठ, आकडेमोड स्वच्छ, तरी कोन काही ओळखीचा निघेना. पेन त्याच्याच हातात असल्यामुळे आम्हाला विचारत विचारत मागे जावं लागलं. ‘एच किती घेतलास?’ ‘उणे चार.’ ‘मूळ समीकरणात एक्सवायच्या आधी काय असतं?’ तो थांबला, पुस्तकाचं पान उलटलं आणि स्वतःच म्हणाला, ‘टू एच.’ पुस्तकातल्या सर्वसाधारण समीकरणात एक्सवायच्या आधी २एच असतं आणि इथे ते उणे चार आहे, म्हणजे एच उणे दोन. मग वर्गमुळात चार वजा एक, टॅन थीटा बरोबर √३, कोन ६०°.

सरळ सांगितलं असतं तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. असं करायला बराच वेळ गेला. पण नंतर त्याच धड्यातली बाकीची गणितं त्याने न विचारता सोडवली, आणि दर वेळी समीकरणाखाली आधी ‘टू एच बरोबर’ असं लिहून घेत होता. ती सवय आता टेबलावरच्या सगळ्यांनाच लागली आहे.

२० ऑक्टोबर

लॉजिक. हा धडा सोपा म्हणून सगळे पुढे पळतात, आणि सत्यता सारणीत मार्क जातात. शंका जुनीच : पी आणि क्यू ही दोन विधानं, पी खोटं, क्यू पण खोटं, तरी ‘पी तर क्यू’ खरं कसं?

राजूरच्या दोघींनी ते टेबलावरच मांडून दाखवलं. समजा, ‘एसटी वेळेवर आली तर मी नऊला पोहोचेन’ असं मी म्हटलं. एसटी वेळेवर आली आणि मी नऊला आले, तर शब्द पाळला. एसटी वेळेवर आली आणि मी आलेच नाही, तर शब्द मोडला. एसटी उशिरा आली आणि मी उशिरा आले, तर मला खोटं म्हणता येईल का? नाही. आणि एसटी उशिरा आली पण मी कुणाच्या मोटारसायकलवर बसून नऊला हजर झाले, तरीही शब्द मोडलेला नाही. चार ओळींपैकी एकच खोटी.

त्यानंतर कुणालाही ती सारणी पाठ करावी लागली नाही. निगेशन, म्हणजे विधानाचा नकार, तोही त्यातूनच आला : शब्द मोडला असं कधी म्हणायचं, तर पी खरं आणि क्यू खोटं. पुस्तकात तेच सूत्र म्हणून दिलेलं आहे.

२७ ऑक्टोबर

आज फार थोडे आले. राजूरकडे भाताची सोंगणी चालू आहे आणि दिवाळी तोंडावर आहे. दोघींनी घरून अडलेल्या ओळींचे फोटो पाठवले. आम्ही उत्तरांऐवजी आवाजी संदेशात उलटे प्रश्न पाठवले. ही पद्धत बरी चालते, पण वेळ खाते. रात्री शेतावरून आल्यावर त्यांना ते ऐकावे लागतात. सुट्टीनंतर त्यांच्यासाठी एक जादा बैठक घ्यायचं ठरलं.

१० नोव्हेंबर

आजचा दिवस डेफिनिट इंटिग्रेशनचा, म्हणजे दोन मर्यादांमधली वक्राखालची जागा काढण्याचा. शंका सगळ्यांची एकच होती, म्हणून सविस्तर लिहिते.

शून्य ते पाय बाय टू, साइन एक्स भागिले (साइन एक्स अधिक कॉस एक्स). याच्या उत्तराला आय म्हणायचं. वर्गात पद्धत झालेली आहे : एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स ठेवायचं, साइनचा कॉस होतो, दोन्ही समीकरणांची बेरीज करायची, टू आय बरोबर पाय बाय टू, म्हणून आय बरोबर पाय बाय फोर. पाच-सहा ओळी, सगळ्यांना येतात. पण समशेरपूरच्या मित्राने वहीत लिहिलं होतं : ‘ओळी सगळ्या येतात. एक्स बदलला तरी आय तोच का राहतो ते कळत नाही.’

आमच्या वहीतली ही आतापर्यंतची सगळ्यात चांगली शंका. उत्तर येत असतानाही अडलंय असं कबूल करायला धैर्य लागतं.

स्टेशनरीच्या दुकानातून बटर पेपर आणला. आलेख कागदावर शून्यापासून पाय बाय टू, म्हणजे नव्वद अंशांपर्यंत बिंदू काढले. शून्यावर किंमत ०, तीस अंशांवर ०.३६६, पंचेचाळीसवर अर्धा, साठवर ०.६३४, नव्वदवर १. बिंदू जोडून वक्र काढला आणि तोच बटर पेपरवर गिरवला. मग बटर पेपर आरशातल्यासारखा डावं-उजवं उलटून त्याच कागदावर ठेवला. ‘पाय बाय टू वजा एक्स’ म्हणजे नेमकं हे उलटणं. शून्याजवळचं नव्वदजवळ गेलं आणि नव्वदजवळचं शून्याजवळ आलं. कागद उलटल्याने वक्राखालची जागा कमी-जास्त होते का? होत नाही. म्हणून आय तोच.

पुढचं आम्हालाही नवीन होतं. उलटलेला वक्र हा कॉस भागिले साइन अधिक कॉसचा वक्र. दोन्ही वक्र एकावर एक दिसायला लागल्यावर कुठल्याही उभ्या रेषेवर दोन्ही उंचींची बेरीज एकच येते : तीस अंशांवर ०.३६६ आणि ०.६३४, पंचेचाळीसवर अर्धा आणि अर्धा. म्हणजे दोन्ही जागा मिळून पाय बाय टू लांबीचा आणि एक उंचीचा आयत भरतो. दोन्ही जागा सारख्या, म्हणून प्रत्येक जागा निम्मी, पाय बाय फोर. कोतूळचा मित्र म्हणाला, हे आधी दिसलं असतं तर सूत्र लक्षात ठेवायचं कामच नव्हतं.

मग राजूरच्या एकीने विचारलं, ही युक्ती कुठेही चालेल का? तिनेच उदाहरण घेतलं : एक्स गुणिले साइन एक्स, त्याच मर्यादा. उलटल्यावर पाय बाय टू वजा एक्स, गुणिले कॉस एक्स. नियम इथेही खराच आहे, दोन्ही जागा सारख्याच भरतील. पण बेरीज करून काही सुटसुटीत होत नाही, एक्स जागचा हलत नाही. ते बाय पार्ट्सनेच (गुणाकाराचं इंटिग्रेशन करायची पद्धत) करावं लागतं आणि उत्तर १ येतं. म्हणून वहीत लिहून ठेवलं : उलटून बघायचं, बेरीज सोपी झाली तर पुढे जायचं, नाहीतर दुसरा रस्ता. बटर पेपर वहीतच चिकटवला आहे.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. वाचनालय बंद. राजूरची जादा बैठक कालच झाली.

१ डिसेंबर

वही पहिल्या पानापासून वाचून काढली. शंका धड्यांप्रमाणे लावायच्या होत्या, म्हणजे प्रिलिमच्या आधी कुठला धडा जास्त घ्यायचा ते कळेल. पण धड्यांप्रमाणे लावताना वेगळंच दिसलं. शंकेच्या वर बारावीचा धडा लिहिलेला आहे, पण ‘काय कळल्यावर पुढे गेलो’ या रकान्यात बारावीचं क्वचितच काही आहे.

इंटिग्रेशनमध्ये एक भागिले (एक्स² + ४एक्स + १३) अडलं होतं. सुटलं कशामुळे? छेद (एक्स + २)² + ९ असा मांडता आल्यामुळे. हे दहावीचं, वर्गसमीकरणांच्या धड्यातली पूर्ण वर्ग पद्धत. पार्शल फ्रॅक्शन (मोठ्या अपूर्णांकाचे सोपे तुकडे करणं) अडलं, कारण अवयव पाडता येईनात, तेही खालच्या इयत्तेचं. ट्रिगची (त्रिकोणमितीची) सामान्य उकल अडली ती अकरावीच्या कोनांमुळे. डेरिव्हेटिव्हमध्ये अडलेलं जवळजवळ सगळं घातांक आणि लॉगच्या नियमांपाशी येऊन थांबतं.

माझ्या मते या प्रकल्पातून मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. जो म्हणतो ‘मला इंटिग्रेशन येत नाही’, त्याला बहुतेक वेळा इंटिग्रेशन येत असतं. त्याच्या पायाखालची एक जुनी पायरी निसटलेली असते. तो मात्र बारावीचा धडा पुन्हा पुन्हा वाचत बसतो आणि आपल्याला गणितच जमत नाही असं धरून चालतो. आमच्यापैकी दोघांनी तर गणित सोडून फक्त बायोलॉजी ठेवायला हवी होती असं बोलून दाखवलं होतं.

ठरवलं : पुढच्या रविवारी प्रत्येकाने घरातून दहावीचं बीजगणिताचं पुस्तक आणायचं. ज्यांनी धाकट्या भावंडांना दिलंय त्यांनी तेवढ्यापुरतं मागून घ्यायचं.

८ डिसेंबर

दहावीची पुस्तकं घेऊन बसलो. अवयव, पूर्ण वर्ग, घातांकांचे नियम, एवढंच. बारावीचं पुस्तक उघडलंच नाही. सुरुवातीला दोघांना हे खाली उतरल्यासारखं वाटलं, पण शेवटच्या तासाला तेच सगळ्यात जोरात होते. ग्रंथपाल काकांना दोनदा येऊन आवाज कमी करायला सांगावं लागलं.

२२ डिसेंबर

आज राष्ट्रीय गणित दिवस, रामानुजन यांची जयंती. कॉलेजात काल कार्यक्रम झाला. आम्ही आज डिफरन्शियल इक्वेशन घेतलं, न्यूटनचा थंड होण्याचा नियम.

गणित असं : खोलीचं तापमान २५°. एक वस्तू अर्ध्या तासात ८०° वरून ५०° वर आली. एक तास झाल्यावर तिचं तापमान किती? टेबलावरचा एक जण झटकन म्हणाला, ‘अर्ध्या तासात तीस अंश उतरले, अजून तीस उतरतील, वीस.’ सगळे गप्प. मग कोतूळच्या मित्राने फक्त एवढं विचारलं, ‘पंचवीसच्या खोलीत ठेवलेला चहा वीसवर जाईल का?’

तिथून पुढचं सगळं त्या मुलाने स्वतः केलं. मोजायचं ते खोलीपेक्षा किती जास्त ते. आधी ५५ जास्त, अर्ध्या तासाने २५ जास्त. म्हणजे जास्तीचं तापमान पाच भागिले अकरा पट राहिलं. पुढच्या अर्ध्या तासातही तेवढीच पट, २५ चे ११.३६. म्हणून ३६.३६°. ई नाही, लॉग नाही.

पण बोर्डाच्या पेपरात एवढ्यावर भागणार नाही हेही बोललो. तिथे समीकरण मांडावं लागतं : तापमान बदलण्याचा दर हा फरकाच्या प्रमाणात. मग व्हेरिएबल वेगळे करून इंटिग्रेशन, स्थिरांक, पहिली अट, दुसरी अट. चार मार्क या ओळींचे. तोंडी उत्तर आधी काढून ठेवायचं ते लेखी उत्तर ताडून बघण्यासाठी.

हे ताडून बघणं आम्ही इतर धड्यांतही नेलं. बायनॉमिअलमध्ये एन म्हणजे प्रयत्न, पी यशाची शक्यता, क्यू अपयशाची; मीन एनपी आणि व्हेरियन्स एनपीक्यू. मीन ६ आणि व्हेरियन्स ४.२ दिला तर क्यू ०.७, पी ०.३, एन २०. पण व्हेरियन्स मीनपेक्षा मोठा आला तर क्यू एकच्या वर जातो, आणि शक्यता एकच्या वर असूच शकत नाही. तसं दिसलं की पेन खाली ठेवून मागच्या ओळी बघायच्या.

५ जानेवारी २०२५

प्रिलिमचे पेपर हातात आले. सरांकडून नमुना उत्तरं आणि मार्कांची विभागणी मागून घेतली आणि एकमेकांचे पेपर पुन्हा तपासले. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पेपरात फक्त एवढंच बघायचं, मार्क कुठल्या ओळीला गेला.

गणित न आल्यामुळे गेलेले मार्क अपेक्षेपेक्षा कमी निघाले. इंटिग्रेशनच्या उत्तरात शेवटचा स्थिरांक, ‘अधिक सी’, नाही. मॅट्रिक्सच्या इन्व्हर्समध्ये रो ट्रान्सफॉर्मेशन चालू असताना मध्येच एक कॉलम. पर्यायाचं अक्षर आहे, पण उत्तर लिहिलेलं नाही. एका पेपरात बहुपर्यायी प्रश्न खोडून पुन्हा लिहिला होता. बोर्डाच्या सूचनेप्रमाणे बहुपर्यायी प्रश्नाचा पहिलाच प्रयत्न धरला जातो, म्हणून तिथे खोडाखोड करण्याआधी कच्चं काम करायचं.

पेपरचा सांगाडा फळ्यावर मांडला. ८० मार्क, तीन तास. ए विभागात आठ बहुपर्यायी, प्रत्येकी दोन मार्कांचे, आणि एका मार्काचे चार, मिळून २०. याला पर्याय नाही, सगळे सोडवायचे. बी मध्ये बारापैकी आठ, दोन-दोन मार्कांचे. सी मध्ये बारापैकी आठ, तीन-तीन मार्कांचे. डी मध्ये आठपैकी पाच, चार-चार मार्कांचे. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. प्रत्येक विभाग नव्या पानावर.

यावरून वाद झाला. निम्म्यांचं म्हणणं, डोकं ताजं असताना डी आधी. मला ते पटत नाही. ए मध्ये निवड नाही, तिथले वीस मार्क घाईत घालवणं मोठं नुकसान आहे. शेवटी ठरलं की १९ तारखेला दोन्ही क्रमांनी पूर्ण पेपर लिहून बघायचा.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर तासभर एलपीपी, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंग प्रॉब्लेम : असमानतांचे आलेख काढून सगळ्यांत मोठी किंवा लहान किंमत शोधायची. आज शिकवलं ते कोतूळच्या मित्राने. ऑक्टोबरमध्ये आलेख बघितला की तो पान उलटायचा. त्याने (०, ०) ठेवून कुठली बाजू रंगवायची ते दाखवलं आणि मग स्वतःच अडचण पुढे केली : एक्स ≥ वाय ही रेषा तर (०, ०) मधूनच जाते, तिथे काय? तिथे (१, ०) घ्यायचा. एक शून्यापेक्षा मोठा आहे, म्हणून त्या बिंदूकडची बाजू. आलेख कागद सक्तीचा नाही, कच्ची आकृती चालते, पण कोपऱ्यांचे बिंदू समीकरणं सोडवूनच काढायचे, आकृतीवर बघून नाही.

१९ जानेवारी

पूर्ण पेपर झाला. गेल्या वर्षीची बोर्डाची प्रश्नपत्रिका. पुढच्या खोलीतल्या एका दादांनी वेळ लावून दिली आणि शेवटची दहा मिनिटं उरल्यावर हाक दिली.

डी आधी लिहिणाऱ्यांपैकी दोघांचं एका चार मार्कांच्या गणितातच बराच वेळ अडकणं झालं, मग ए घाईत उरकलं. पण राजूरच्या एकीला डी आधीच जमतं, तिचा पेपर सगळ्यांत सुटसुटीत होता. तेव्हा एकच क्रम सगळ्यांना लावायचा नाही. एवढं मात्र सगळ्यांनी मान्य केलं : कुठल्याही गणितावर तीन ओळी पुढे न जाता वेळ गेला तर जागा सोडून पुढे जायचं. बी, सी, डी मध्ये पर्याय आहेत ते त्यासाठीच.

सामान्य उकलीची शंका आज पुन्हा आली. साइन थीटा बरोबर अर्धा, उत्तर एन पाय अधिक उणे एकचा एन वा घात गुणिले पाय बाय सिक्स. तो उणे एकचा घात कशाला? एनच्या जागी ०, १, २, ३ ठेवून कोन लिहून काढले : ३०°, १५०°, ३९०°, ५१०°. एन सम असला की पूर्ण फेऱ्या आणि पुढे तीस, विषम असला की अर्धी फेरी पुढे जाऊन तीस मागे. एकदा कोन वर्तुळावर मांडले की चिन्ह आपोआप जागेवर बसतं.

२ फेब्रुवारी

प्रात्यक्षिकांचे दिवस. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या जर्नलांनी सगळे बेजार. गणिताच्या प्रात्यक्षिकाचे वीस मार्क वेगळे असतात, ते आमच्यापैकी बहुतेकांचे उरकले. कांद्याच्या लागवडीमुळे समशेरपूरचा मित्र मागचे दोन रविवार नव्हता. त्याच्यासाठी वहीतली पानं फोटो काढून पाठवली होती. आज आला तेव्हा त्यातली गणितं सोडवून आणली होती आणि सोबत स्वतःच्या तीन नव्या अडलेल्या ओळी. दोन सुटल्या. तिसरी व्हेक्टरमधली, स्केलर ट्रिपल प्रॉडक्टचं (तीन व्हेक्टरांच्या गुणाकारातून येणाऱ्या संख्येचं) चिन्ह उलटं का येतं ती. दोन व्हेक्टरांची अदलाबदल झाली होती, ते त्यालाच सापडलं.

९ फेब्रुवारी

मंगळवारी, ११ तारखेला, इंग्रजीचा पेपर. आजची बैठक परीक्षेआधीची शेवटची. नवीन काहीही घ्यायचं नाही असं ठरलं होतं आणि ते पाळलं. प्रत्येकाने वहीतून स्वतःची पानं काढली आणि ‘काय कळल्यावर पुढे गेलो’ एवढाच रकाना एका कागदावर उतरवून घेतला. बहुतेकांचा तो कागद एका पानाच्या आत मावला.

गणिताच्या आदल्या रात्री राजूरच्या दोघी माझ्याकडे राहणार. सकाळच्या गाडीवर भरवसा नको असं त्यांच्या घरच्यांचंही म्हणणं आहे, आईने होकार दिला आहे. कोतूळचा मित्र मामाकडे उतरणार. एप्रिलमध्ये सीईटी आहे, त्यात वीस टक्के अकरावीचं येतं, म्हणून बोर्ड संपल्यावर लगेच अकरावीच्या ट्रिग आणि सरळ रेषेपासून सुरुवात. टेबल आणि रविवारची वेळ ग्रंथपाल काकांनी आमच्यासाठी ठेवली आहे. वही सध्या माझ्याकडे आहे, परीक्षा चालू असताना कुणाला लागली तर संध्याकाळी सहानंतर घरून घेऊन जावी.